फॉगी ड्यू: चाल एक, गाणी दोन

नमस्कार मंडळी! पानं वाढायला घेतलीयेत, तेव्हा थेट गाण्यावरच येते.

'द फॉगी ड्यू' इथे डब्लिनमध्ये राहून कानावर पडलं नाही असा माणूस विरळाच, आणि बहुतेकांना ते आयरिश गायिका शिनेड ओ'कॉनरच्या आवाजातच माहितीये, चीफटन्स ह्या आयरिश लोकसंगीताच्या बँडबरोबर तिने १९९५ साली रेकॉर्ड केलेलं. ऐकताना वाटतं हे फार जुनं असणार, पण शब्द १९१९ च्या आसपासचे आहेत, आणि लिहिणारे होते चार्ल्स ओ'नील नावाचे कॅथलिक पाद्री. असं सांगतात की जानेवारी १९१९ मध्ये डब्लिनच्या मॅन्शन हाऊसमध्ये आयरिश संसदेची पहिली बैठक भरली तेव्हा ते तिथे होते, एकेक नाव पुकारलं जायचं आणि कितीतरी नावांना उत्तर यायचं, 'परक्यांच्या कैदेत'. त्यातून हे गाणं आलं, १९१६ च्या ईस्टरच्या, ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या उठावावर.

त्यातली सुव्ला आणि सुद-एल-बारची ओळ नीट ऐका. ही तुर्कस्तानातली गॅलिपोलीची ठिकाणं, १९१५ मध्ये ब्रिटिश वर्दीतली आयरिश पोरं तिथे ढिगाने मेली. कवी म्हणतो, त्यापेक्षा आपल्याच आभाळाखाली मेलेलं बरं. मला ही ओळ सगळ्यात जड जाते, कारण ती पोरंसुद्धा ह्याच गल्ल्यांमधली होती.

आता चाल. ती पाद्रीबाबांची नाहीच, 'द मूरलॉक शोअर' ह्या उत्तरेकडच्या जुन्या प्रेमगीताची आहे. आपल्याकडे नाही का, नाटकाच्या पदावर 'चाल: अमुक तमुक' असं छापायचे, तसंच. त्या गाण्यात ओढ्याकाठी लिनन वाळत पडलंय, आणि मुलगी तिच्या प्रेमात पडलेल्याला सरळ सांगते, माझा एक खलाशी आहे, त्याच्यासाठी सात वर्षं थांबेन. बस्स, ना बंदुका ना बंड.

आणि शिनेडने तेही गायलंय! २००२ च्या 'शॅन-नोस नुआ' अल्बममध्ये. एकच बाई, एकच चाल, पण 'फॉगी ड्यू'मध्ये ती ताठ उभी राहून गाते आणि इथे आवाज इतका मऊ की चाल तीच आहे हे पटकन लक्षातच येत नाही. 'नथिंग कंपेअर्स टू यू'वरून तिला ओळखणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं, माझ्या मते तिचं मोठेपण इथे जास्त दिसतं.

दोन्ही गाणी लागोपाठ लावतेय, आधी 'मूरलॉक', मग 'फॉगी ड्यू'. तेवढं ऐका, मग जेवायला बसू.