कर्नाळ्याची हिवाळी वाट

नमस्कार श्रोतेहो. नवी मुंबईत पहाटे पंखा बंद करावा लागला, की एक सकाळ कर्नाळ्यासाठी राखून ठेवा. पनवेलहून पेणकडे जाणाऱ्या एस.टी.ने साधारण 12 किलोमीटरवर, महामार्गाला लागूनच अभयारण्याचं फाटक आहे. तिकीट काढलं की बोलणं थांबवा. पक्षी आधी कानाला सापडतो, मग डोळ्याला. पल्लवपुच्छ कोतवाल तर दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो. एकाच झाडातून चार आवाज आले, तर शेपटीच्या दोन लांब तारा शोधा. गळ्यात स्पीकर अडकवून येणाऱ्यांना फाटकावरूनच परत पाठवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता किल्ल्याची वाट. दीड-दोन तासांची. आधी दाट झाडी, मग डोंगराची धार. या धारेवर आलात, की 1670 साल आठवा. पाच वर्षांपूर्वी पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना 23 किल्ले मोगलांना द्यावे लागले होते, त्यात कर्नाळाही गेला. तो परत घ्यायचा होता. पण घ्यायचा कसा? धार अरुंद. वर गडावर शत्रू. धावत सुटावं तर मारा थेट अंगावर. मग महाराजांच्या माणसांनी आडोशाचे मोर्चे बांधले. एक मोर्चा बांधायचा, त्याच्या आड थांबायचं, पुढे सरकायचं, पुन्हा मोर्चा. असं करत करत गड घेतला. धावून नाही श्रोतेहो, थांबत थांबत! आपल्या शाळांमधून तारखा पाठ करून घेतात; त्यापेक्षा मुलांना एकदा या धारेवर उभं करावं. याच गडाचे किल्लेदार होते वासुदेव बळवंत फडके यांचे आजोबा, आणि वासुदेव बळवंतांचा जन्म झाला तो पायथ्याजवळच्या शिरढोणला, 1845 साली.

तर तुम्हीही थांबत थांबतच चढा. पंधरा मिनिटं चढ, मग सावलीत दोन मिनिटं आणि दोन घोट पाणी. थंडीत तहान कळत नाही, घाम मात्र जातोच. माथ्यापर्यंत पाणी न पिणाऱ्यांच्या पोटऱ्यांत उतरताना गोळे येतात. माणशी दोन लिटर पाणी घ्या. उतरताना वाळक्या पानांवर टाच रोवू नका. पानांखाली सुटा मुरूम असतो, पाय सरकतो. पाऊल आडवं टाका, गुडघा किंचित वाकवा.

माथ्यावरच्या सुळक्याला आग्या मोहोळं लागतात. तिथे आवाज नको, वास नको, धूर नको. पुन्हा सांगते: आवाज नको, वास नको, धूर नको. अत्तर, सुवासिक तेल घरीच ठेवा, बिडी-सिगारेट पेटवू नका. माश्या उठल्याच तर हात झाडू नका. चिरडलेल्या माशीच्या वासाने बाकीच्या धावून येतात. तोंड-डोकं ओढणीने झाका आणि झाडीकडे, आल्या वाटेने दूर निघा. पाण्याच्या टाक्यात उडी मारू नका. माश्या वर घिरट्या घालत राहतात. सुरक्षित जागी पोचलात की काटे नखाने खरवडून लगेच काढा, कारण तुटलेला काटा त्वचेत विष सोडतच राहतो. ओठ सुजले, श्वास लागला, तर वाट न पाहता पनवेलचा दवाखाना गाठा.

सकाळी सातला चढायला लागलात, तर ऊन तापायच्या आत फाटकावर परत याल. मग शिरढोणला उतरून फडक्यांचं स्मारक बघायला वेळ उरतो.