टीपीओ वाढलंय म्हणजे थायरॉइडची ॲलर्जी? नाही हो!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या वेळा आलाय की आज उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही. "ताई, अंगावर पित्त उठतंय आणि अँटी-टीपीओ वाढलंय. मला थायरॉइडची ॲलर्जी झालीये का?"

बेसिक पटकन उरकते. टीपीओ हे थायरॉइडमधलं एक प्रथिन. त्याच्याविरुद्ध आपल्याच प्रतिकारशक्तीने बनवलेली अँटीबॉडी म्हणजे अँटी-टीपीओ, बोलताना आपण तिलाच नुसतं 'टीपीओ' म्हणतो. हाशिमोटो म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच थायरॉइडवर उलटते. हाकारू हाशिमोटो या जपानी सर्जनने १९१२ मध्ये पहिल्यांदा त्याचं वर्णन केलं. ग्रेव्हज नावाच्या आजारातही प्रतिकारशक्तीचाच घोळ, फक्त तिथे ग्रंथी सुसाट सुटते. झालं.

आता गाडी अडते ती 'अँटीबॉडी' या शब्दावर. शब्द एक, जाती अनेक. तुमच्या रिपोर्टमधलं अँटी-टीपीओ मुख्यतः आयजीजी जातीचं असतं. ॲलर्जीवाली जात वेगळी, आयजीई. ती त्वचेतल्या मास्ट सेल नावाच्या पेशींवर चिकटून बसते, तिचं लक्ष्य आलं की मास्ट सेल फुटते, हिस्टामिन नावाचं रसायन सांडतं आणि गांधी उठतात. मी लॅबमध्ये कामाला होते तेव्हा रोज कुणीतरी रिपोर्टवर बोट ठेवून विचारायचं, "हीच ना ती ॲलर्जी?" नाही. टीपीओचा आकडा मास्ट सेलबद्दल थेट काहीच सांगत नाही.

मग संबंध नाहीच का? आहे! सहा आठवड्यांहून जास्त काळ पित्त उठत राहिलेल्या लोकांत थायरॉइडच्या अँटीबॉडी इतरांपेक्षा बऱ्याच जास्त वेळा सापडतात. त्याचे दोन रस्ते दिसतात. काहींचं शरीर टीपीओविरुद्धच आयजीई बनवतं, म्हणजे स्वतःच्याच प्रथिनाला परागकणासारखं वागवतं. काहींत वेगळ्याच आयजीजी अँटीबॉडी तयार होतात आणि त्या आयजीईला किंवा मास्ट सेलवरच्या तिच्या बैठकीलाच जाऊन धडकतात. बाहेरून काही येण्याची गरजच नाही. या दुसऱ्या प्रकारात टीपीओ बरेचदा वाढलेलं आणि एकूण आयजीई कमी असतं. म्हणजे पित्त भरपूर, पण ॲलर्जीचा आकडा खाली! यावर लोकांचा विश्वासच बसत नाही.

पुन्हा सांगते, दुसऱ्या बाजूने. चोरी झाली तेव्हा टीपीओ गल्लीत उभं होतं, म्हणून चोर तेच असं होत नाही. साधारण दहा टक्के धडधाकट लोकांतही ते पॉझिटिव्ह येतं, आणि त्यांना एक गांधही उठत नाही.

आणि तिसऱ्यांदा, माझ्यावरूनच. मला हाशिमोटो आहे. माझं पित्त थांबून दोन वर्षं झाली, टीपीओ अजून तसंच चढलेलं. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) नॉर्मल असताना नुसतं पित्त जावं म्हणून थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइड हार्मोनची गोळी, सुरू करा, असा सल्ला गाइडलाइन्स देत नाहीत. टीएसएच बिघडलं असेल तर गोळी घ्यायचीच, पण ती थायरॉइडसाठी. पित्तासाठी झोप न आणणाऱ्या नव्या अँटीहिस्टामिन, त्यांचा डोस डॉक्टर चौपटीपर्यंत नेऊ शकतात, त्यानंतर ओमालिझुमॅबचं इंजेक्शन.

एका दादांनी लिहिलंय, "ॲसिडिटीची गोळी घेतो तरी पित्त उठतंच." दोष आपल्या भाषेचा! छातीत जळजळ तेही पित्त, अंगावर गांधी तेही पित्त. गंमत म्हणजे हिस्टामिन दोन्हीकडे असतं, पण पोटात ते एच-टू कुलपाला लागतं आणि त्वचेत मुख्यतः एच-वनला. किल्ली चुकली, दादा.

आणि कृपा करून "इम्युनिटी वाढवा" लिहिणं थांबवा. इथे इम्युनिटी कमी पडत नाहीये, ती नको तिथे हात चालवतेय. तसंच ते शंभर पदार्थांचं ॲलर्जी पॅनेल. अशा जुनाट पित्तात खाण्याची ॲलर्जी क्वचितच कारण असते. मी एकदा ते करून बसले, आठ पदार्थ सोडले, वजन उतरलं, पित्त जागच्या जागी. टेस्ट पॉझिटिव्ह म्हणजे शरीर त्या पदार्थाला ओळखतं एवढंच. तो खाऊन त्रास होतोच असं नाही.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा गांधी हमखास गायब असतात, माझ्या तर दरवेळी. म्हणून फोटो काढा. एका गांधीभोवती पेनाने गोल करून वेळ लिहा. ती एकच गांध २४ तासांत विरायला हवी. तिथेच टिकली, दुखली, डाग सोडून गेली, तर प्रकरण वेगळं, डॉक्टरांना मुद्दाम सांगा. जीभ सुजली, श्वास अडकला, तर व्हिडिओ बघत बसू नका, तडक इमर्जन्सीत.

शेवटची कमेंट. "केसांसाठी बायोटिन घेते, अचानक टीएसएच एकदम खाली आणि टी-फोर वर आलं, ग्रेव्हज झालं का?" ताई, टी-फोर म्हणजे थायरॉइडचं हार्मोन, आणि जास्त डोसचं बायोटिन रक्त तपासणाऱ्या काही मशीनना चकवतं आणि रिपोर्ट हुबेहूब ग्रेव्हजसारखा येतो. डॉक्टरांना सांगून निदान दोन दिवस बंद ठेवा, मग रक्त द्या. आणि नवा रिपोर्ट काय आला ते इथेच लिहा, मला खरंच उत्सुकता आहे.