बरगड्यांना घाई चालत नाही

मंडळी, डुकराच्या रिब्स, म्हणजे बरगड्या, चिवट झाल्या की दोष मसाल्याला मिळतो. व्हिनेगर कमी पडलं, रात्रभर मुरवायला हव्या होत्या, कच्ची पपई लावली असती तर बरं झालं असतं. आज मला सांगायचं आहे ते एवढंच, की मसाल्याचं काम चवीचं. मऊ करायचं काम विस्तवाचं आणि घड्याळाचं. एकाचं काम दुसऱ्याच्या गळ्यात मारलं की दोन्ही बिघडतात.

आपल्यापैकी कितीजणांच्या घरी डुकराचं मांस शिजतं, हे मी विचारणार नाही. काहींकडे त्याची भांडी वेगळी असतात, काहींकडे चूलच परसात असते. आणि ज्यांच्या घरी अजिबात चालत नाही, त्यांचाही हात नाताळात शेजाऱ्यांकडच्या सोरपोतेलपाशी, म्हणजे डुकराच्या मांसाच्या आंबट-तिखट कालवणापाशी, आखडत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. (हशा)

आधी बाजार. म्हापशाला जा, मडगावला जा, मांस विकणाऱ्याला सवय असते ती तुकडे करायची. आपण ‘एक किलो’ म्हणेपर्यंत त्याचा सुरा चाललेला असतो. त्याला थांबवा. बरगड्यांची अख्खी पट्टी मागा. फार तर दोन भाग करून घ्या. बारीक तुकड्यांत हाडाचा चुरा येतो आणि शिजताना मांस आटून हाडावरून वर सरकतं. पाठीकडच्या बरगड्या आखूड, वाकड्या आणि कमी चरबीच्या. पोटाकडच्या लांब, चपट्या, चरबी आणि कुर्चा जास्त. घरी करायला मी पोटाकडच्याच घेईन. वेळ जास्त खातात, पण चूक पोटात घालतात. गावठी जनावर असेल तर वेळ आणखी वाढवून धरा.

घरी आणल्यावर पट्टी उलटी करा. हाडांच्या आतल्या बाजूला एक पातळ, चकचकीत पापुद्रा दिसेल. तो कितीही शिजवा, रबरासारखाच राहतो आणि त्या बाजूने मसालाही धड लागू देत नाही. कडेच्या हाडावर चमच्याची मागची बाजू पापुद्र्याखाली सरकवायची, बोट जाईल एवढी जागा करायची आणि कोरड्या फडक्याने धरून ओढायचा. फडकं लागतंच, नुसत्या बोटांतून निसटतो. नशीब असेल तर अख्खा एका ओढीत निघतो, नाहीतर दोन-तीन तुकड्यांत. ही पाच मिनिटांची खटपट टाळू नका.

आता मसाला. पोर्तुगीजांकडे मांस वाईन आणि लसणात मुरवून टिकवायची रीत होती. इथे गोव्यात वाईनची जागा माडाच्या सुरेपासून केलेल्या व्हिनेगरने घेतली आणि त्यांनीच अमेरिकेतून आणलेली मिरची त्यात पडली. म्हणजे मुळात हा मसाला मांस टिकवण्यासाठीचा. फ्रिज नव्हते तेव्हा आंबट आणि खारट हाच इलाज होता. आपण मात्र त्याला मांस मऊ करायच्या कामाला लावतो.

किलोभर बरगड्यांना दहा-बारा काश्मिरी मिरच्या. काणकोणच्या खोला मिरच्या मिळाल्या तर रंगाला तोड नाही. त्यात एक लसणीचा गड्डा, इंचभर आलं, चमचाभर जिरं, चमचाभर मिरी, पाच-सहा लवंगा, दालचिनीचा तुकडा, थोडी हळद. वाटायला पाणी नको, चार मोठे चमचे माडाचं व्हिनेगर पुरतं. आणि मीठ दोन लहान चमचे. पण ते मसाल्यात नको. आधी नुसतं मीठ चोळून तास-दोन तास ठेवा, मग मसाला लावा. मांसात खोलवर जातं ते मीठच. लसूण, मिरची, लवंग बहुतेक वरच्या थरातच राहतात. मीठ मांसाला पाणी धरून ठेवायलाही मदत करतं.

आंबटाने मांस मऊ होतं हे फक्त वरच्या थरापुरतं खरं, आणि तेही जास्त झालं की तो थर भुसभुशीत होतो. कच्च्या पपईतलं पपेन तर त्याहून उतावीळ. बाहेरून लगदा करतं आणि हाडाजवळचं मांस होतं तसंच राहतं. तेव्हा एक रात्र फ्रिजमध्ये, काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात, एवढं बस्स. ॲल्युमिनियमचं भांडं नको, व्हिनेगर त्याला खातं. आणि वरून लावायला थोडा मसाला आधीच बाजूला काढा. कच्च्या मांसाचा हात लागलेला मसाला शिजलेल्या मांसावर फासू नका.

आता खरा मुद्दा. बरगड्यांतला चिवटपणा असतो कोलॅजनचा. सतत हलणाऱ्या स्नायूंना बांधून ठेवणारं हे द्रव्य. 60 अंश सेल्सिअसच्या पुढे मांसाचे तंतू आक्रसतात आणि पाणी सोडतात. कोलॅजन मात्र 70 च्या आसपास कुठे विरघळायला लागतं, तेही रमतगमत. त्यामुळे मधल्या टप्प्यावर, तासाभराने म्हणा, मांस कच्च्यापेक्षाही चिवट लागतं. नेमकं तेव्हाच आपण चाखून बघतो, घाबरतो आणि आच मोठी करतो. तिथे धीर धरायचा. आतलं तापमान 90 च्या घरात जाऊन तिथे टिकलं की कोलॅजनचं जिलेटिन होतं. पायाचं सूप पिताना ओठ चिकटतात, ते हेच. अमेरिकेच्या कृषी खात्याने 2011 मध्ये डुकराच्या अख्ख्या तुकड्यांसाठी सुरक्षित तापमान 63 अंश आणि वर तीन मिनिटांची विश्रांती, असं ठरवलं. मुळात मऊ असलेल्या तुकड्याला ते पुरतं. 63 अंशांची बरगडी मात्र सुरक्षित असेल, पण चावता येणार नाही.

ओव्हन असेल तर 150 अंशांवर, घट्ट झाकून, दोन ते अडीच तास. फॉइलने झाकणार असाल तर मसाल्याला फॉइल टेकू देऊ नका. मध्ये केळीचं पान घाला. हाड धरून हलवलं की मांसात सैल झालेलं कळतं. हाड सुळकन निघून हातात आलं तर जरा जास्तच झालं, पण तक्रार कोणी करत नाही.

ओव्हन नसेल तर कुकर. त्यात पाणी 120 अंशांच्या आसपास जातं, म्हणून काम पटकन होतं. अर्धा कप पाणी, पहिली शिट्टी झाली की मंद आचेवर वीस मिनिटं आणि वाफ आपसूक जिरू द्यायची. शिट्टी उचलून वाफ काढायची घाई करू नका. कुकरमधली चव बरीचशी पाण्यात उतरते, तेव्हा ते पाणी ओतू नका. कढईत आटवा, चरबी वरून काढा, त्यात माडाच्या गुळाचा तुकडा आणि बाजूला ठेवलेला मसाला घाला, बोटाला चिकटेल इतपत घट्ट करा. हाच लेप शिजलेल्या बरगड्यांवर लावून दहा-पंधरा मिनिटं मोठ्या आचेवर, ओव्हनमध्ये नाहीतर निखाऱ्यावर. गूळ शेवटीच. आधी लावला तर मांस शिजायच्या आत तो जळून कडू होतो.

चिठ्ठीवर एक प्रश्न आला आहे: लेपात फेणी घालावी का? घाला, पण चमचाभरच. 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली आपली काजू फेणी वासाने इतकी दांडगी, की जास्त झाली तर लवंग-लसूण दोघंही गप्प बसतात. आणि घालायची ती कढई गॅसवरून उतरवून. पेटत्या शेगडीवर बाटली तिरकी करू नका. उरलेली फेणी कुठे जाते, ते तुम्हाला मी सांगायला नको. (हशा)