आपलं आकाश, आपली मान आणि फाइंडर

मंडळी, नवी दुर्बीण घेतलेल्या माणसाची पहिल्याच महिन्यातली तक्रार ठरलेली असते: चंद्र बघितला, गुरू बघितला, शनीची कडी बघितली, बाकी काहीच सापडत नाही. यात आरशाचा दोष नसतो. १२०० मिमी नाभीय अंतराच्या आठ इंची डॉब्सोनियनला, म्हणजे साध्या बैठकीवर फिरणाऱ्या आरशाच्या दुर्बिणीला, २५ मिमीची नेत्रिका (डोळा लावायचं भिंग) लावली, की वर्धन ४८ पट होतं आणि आकाशाचा जेमतेम एक अंशाचा तुकडा दिसतो. पौर्णिमेचे दोन चंद्र शेजारी शेजारी मावतील, एवढाच. तेवढ्या खिडकीतून आकाश चाचपडत बसलं तर रात्र सरते. शोधायचं काम फाइंडरचं, म्हणजे नेम धरायला मोठ्या नळीवर बसवलेल्या छोट्या साधनाचं, आहे, आणि आपण आरशाचा व्यास महिनाभर ताडून बघतो, पण फाइंडर मात्र खोक्यातून निघाला तोच वापरत राहतो.

फाइंडरच्या दोन जाती. पहिलीत वर्धन नसतं. लाल ठिपका दाखवणारा साधा फाइंडर यातलाच, आणि अमेरिकन हौशी निरीक्षक स्टीव्ह कुफेल्ड यांनी तयार केलेला टेलरॅडही. टेलरॅडच्या तिरप्या काचेत अर्धा, दोन आणि चार अंश व्यासाची तीन लाल वर्तुळं दिसतात, जणू आकाशावरच काढलेली. ही वर्तुळं म्हणजे मोजपट्टी आहे. देवयानी दीर्घिका, एम ३१, शोधायची असेल तर मिराक तारा मोठ्या वर्तुळाच्या एका कडेवर ठेवा. म्यू देवयानी हा तारा जवळजवळ समोरच्या कडेवर येतो. त्याच दिशेनं पुढे सुमारे तीन अंशांवर न्यू हा तारा. आता हा न्यू दोन अंशांच्या वर्तुळाच्या पूर्वेला, किंचित बाहेर ठेवा. केंद्रात दीर्घिका आलेली असते. नेत्रिकेला डोळा लावायचा, बस्स.

पण हे भंडारदऱ्याच्या अंधाऱ्या आकाशात. पुण्या-ठाण्याच्या गच्चीवरून म्यू आणि न्यू नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत, मग वर्तुळ ठेवणार कशावर? दुकानदार हे सांगत नाही. वर्धन नसलेला फाइंडर डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यांवरच चालतो. म्हणून शहरात निरीक्षण करणाऱ्यानं ८×५० किंवा ९×५० ची (आठ किंवा नऊ पट वर्धन, ५० मिमीचं भिंग) शोधक दुर्बीण, म्हणजे वर्धन असलेला दुसऱ्या जातीचा फाइंडर, घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. अंधारात डोळ्याची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते. ५० मिमीचं भिंग तिच्या पन्नासपट प्रकाश गोळा करतं. स्वरमंडल तारकासमूहातले बीटा आणि गॅमा हे दोन तारे शहरात त्यातल्याच ठळक अभिजित ताऱ्याच्या खाली चाचपडावे लागतात. पाच अंशांच्या फाइंडरमध्ये ते दोघे ठसठशीत दिसतात आणि त्यांच्यामध्ये, जरा बीटाच्या बाजूला, एम ५७ हा कंकणाकृती तेजोमेघ असतो. ४८ पटींत तो धूसर ताऱ्यासारखा वाटेल. कडं बघायचं तर शंभर पटींपर्यंत जा.

आता मान. महाराष्ट्रातून स्वरमंडल मध्यमंडलावर, म्हणजे आकाशात सर्वांत उंच, येतं तेव्हा खमध्यापासून, म्हणजे थेट डोक्यावरच्या बिंदूपासून, जेमतेम पंधरा अंशांवर असतं. नळी जवळजवळ उभी. अशा वेळी सरळ फाइंडरमध्ये बघायला नळीखाली डोकं घालावं लागतं, आणि प्रतिमा दिसते ती उलटी. काटकोनी, सुलट प्रतिमा देणारा फाइंडर घेतला तर वरून खाली बघता येतं आणि नकाशा जसाच्या तसा जुळतो. त्याची अडचण एवढीच, की दुर्बीण कुठे रोखली आहे हे त्यातून कळत नाही, कारण आपण भलतीकडे बघत असतो. म्हणून जमलं तर दोन्ही ठेवा: ढोबळ दिशेला लाल ठिपका, नेमकेपणाला काटकोनी. लहान दुर्बिणीवर मात्र टेलरॅड लादू नका. तो वीतभर लांब आहे आणि त्याच्या वजनानं नळीचं तोंड खाली झुकतं.

घेतलेला फाइंडर आपल्यासारखा करून घेणं हा खरा आनंदाचा भाग. सरळ ९×५० धूसर दिसतो म्हणून लोक तो परत करायला निघतात. पुढच्या भिंगामागे एक कडी असते. ती सैल करा, भिंगाचा साचा फिरवा, तारा टाचणीच्या टोकाएवढा झाला की कडी परत आवळा. चष्मा काढूनही हे जमवता येतं. दुसरं, फाइंडर धरणाऱ्या कंसात बसणाऱ्या त्याच्या नळीवर पुढे रबराची एक रिंग असते. ती खोक्यातच राहिली असेल तर दोन स्क्रू आणि स्प्रिंग कितीही फिरवा, फाइंडर डुगडुगणारच.

फाइंडर आणि मोठी नळी एकाच जागी रोखण्याची जुळवणी सूर्य मावळल्यावर, उजेड असतानाच करा, पण समोरच्या इमारतीवर नको. फाइंडर नळीच्या अक्षापासून पंधरा सेंटिमीटर दूर असेल, तर तीस मीटरवरच्या खिडकीवर जुळवताना अर्ध्या चंद्राहून मोठी चूक होते. किलोमीटरभर लांबचा मोबाइल टॉवर धरा. रात्री शेवटचा हात ध्रुवावर. तो जागचा हलत नाही आणि आपल्याकडे एकोणीस-वीस अंशांवरच असल्यानं मानही वाकत नाही. सूर्य वर असेपर्यंत फाइंडरचं झाकण काढायचं नाही. सौर फिल्टर लावून सूर्य बघतानाही नाही, कारण फिल्टर मोठ्या नळीला असतो, फाइंडर उघडाच असतो.

स्वस्त लाल ठिपका बहुधा इतका भगभगीत असतो, की खालचा तारा गिळून टाकतो. एलईडीच्या वायरमध्ये काही किलोओहमचा रेझिस्टर डाखला की तो मवाळ होतो. त्या फाइंडरच्या तळाखाली दोन-तीन इंचांचा ठोकळा दिला तर गाल नळीला घासत नाही. हिरवा लेझर फाइंडर म्हणून लावू नका. विमानाच्या वाटेत तो गेला तर वैमानिकाचे डोळे दिपतात.

आणि दव. टेलरॅडची काच उघडी आणि आकाशाकडे तोंड केलेली असल्यानं डिसेंबरात सर्वांत आधी तीच धुरकटते. जुन्या योगा मॅटचा काळा तुकडा कापून तिच्यावर छपरासारखा वाकवा आणि वेल्क्रोनं बसवा. काच पुसत बसू नका, लेप जातो. हातपंख्यानं वारा घाला आणि निरीक्षण नसेल तेव्हा झाकून ठेवा.