निद्रानाश कसा ओळखतात?

(दृश्य : तपासणीची खोली. टेबलाच्या एका बाजूला डॉक्टर. समोरच्या रुग्णाचा फक्त आवाज.)

"डॉक्टर, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही."

हे ऐकून गोळी लिहून द्यायला दोन मिनिटं पुरतात. निदान करायचं असेल, तर मात्र खरी चौकशी इथून सुरू होते. निद्रानाश दाखवणारी रक्ताची चाचणी नाही, स्कॅनमध्येही तो दिसत नाही. सगळी भिस्त रुग्ण काय सांगतो यावर आणि ते किती नीट ऐकलं जातं यावर.

झोप येत नाही म्हणजे नेमकं काय होतं? कुणी अंथरुणावर पडल्यापासून कूस बदलत राहतं. कुणाला झोप चटकन लागते, पण मध्यरात्री जाग येते आणि नंतर डोळा लागत नाही. कुणी पहाटे चारलाच टक्क जागं होतं. काहींना तिन्ही त्रास असतात. मोठ्या माणसाला झोप लागायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागत असेल, किंवा रात्री मध्येच तेवढा वेळ जागेपणी जात असेल, तर डॉक्टर त्याची दखल घेतात.

त्यानंतर विचारतात दिवसाबद्दल. थकवा, चिडचिड, कामात चुका, लक्ष न लागणं, यातलं काही होतं का? साडेपाच तास झोपून दिवसभर ताजातवाना राहणाऱ्या माणसाला निद्रानाश नसतो. त्याच्या शरीराची गरजच तेवढी. तान्ह्या बाळामुळे किंवा दोन नोकऱ्यांमुळे ज्यांना झोपायला वेळच मिळत नाही, त्यांची झोप अपुरी असते, पण तोही निद्रानाश नव्हे. निवांत वेळ आहे, जागा आहे, आणि तरीही झोप येत नाही, ही या आजाराची अट आहे.

एक प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो : दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागते का? निद्रानाशाचा रुग्ण थकून गेलेला असतो, पण दुपारी आडवा झाला तरी त्याला बहुधा झोप लागत नाही. बोलता बोलता किंवा गाडी चालवताना डोळे मिटत असतील, तर संशय स्लीप ॲप्नियाकडे जातो. या आजारात झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडतो. रुग्णाला स्वतःला याचा पत्ता नसतो, म्हणून शेजारी झोपणाऱ्यालाही विचारतात : घोरणं मध्येच थांबतं का? गुदमरल्यासारखं होतं का?

संध्याकाळनंतर पायांत वळवळ सुरू होते आणि पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही, असं कुणी सांगितलं तर शरीरातलं लोह पाहण्यासाठी फेरिटिनची तपासणी करतात. रात्री दोनला झोपून सकाळी दहाला ताजातवाना उठणाऱ्या माणसाच्या शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकलेलं असू शकतं. स्टिरॉइड, नाक मोकळं करणारी सर्दीची औषधं, रात्री घेतलेली लघवी वाढवणारी गोळी, हे सगळं विचारलं जातं. दारूबद्दलही विचारावंच लागतं. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती मोडते.

(दृश्य : झोपेच्या डायरीचं एक पान. पेन्सिलने भरलेले रकाने.)

मग रुग्णाच्या हाती येते झोपेची डायरी. साधारण दोन आठवडे ती रोज सकाळी भरायची. रात्री घड्याळ बघत भरायची नाही. अंदाजे वेळ चालते, कारण घड्याळाकडे पाहिल्याने जाग आणखी पक्की होते.

असं एक पान वाचून पाहू. अंथरुणावर गेल्याची वेळ रात्री १०. झोप लागली सव्वाअकराला. अडीचला जाग, पुन्हा झोप साडेतीनला. शेवटची जाग सव्वासहाला, पण अंथरूण सोडलं सातला. म्हणजे अंथरुणावर नऊ तास आणि झोप सहा तास. हे प्रमाण ६७ टक्क्यांच्या आसपास येतं. याला झोपेची कार्यक्षमता म्हणतात आणि ती साधारण ८५ टक्क्यांच्या वर असावी अशी अपेक्षा असते. कमी झोपेची भरपाई म्हणून हा माणूस रोज लवकर आडवा होतो, आणि त्यामुळेच जागेपणीचे तास वाढतात. तोंडी विचारलं असतं तर तो "झोपच नाही" एवढंच म्हणाला असता.

त्रासाची तीव्रता मोजायला सात प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, इन्सोम्निया सिव्हेरिटी इंडेक्स. ती मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मोरिन यांनी तयार केली. गुण ० ते २८. सातपर्यंत चिंतेचं कारण नाही, १५ पासून मध्यम त्रास, २२ पासून तीव्र.

आणि ती रात्रभराची, डोक्याला तारा लावून केलेली तपासणी? पॉलिसोम्नोग्राफी निद्रानाशाच्या प्रत्येक रुग्णाला लागत नाही. श्वास अडण्याची किंवा झोपेत हातपाय झाडण्याची शंका असेल तेव्हा ती करतात. काही रुग्ण "क्षणभर झोपलो नाही" असं सांगतात आणि यंत्रावर मात्र सहा-सात तासांची झोप उमटते. ही माणसं खोटं बोलत नाहीत. त्यांना रात्र खरोखरच तशी जाणवलेली असते आणि दिवसाचा त्रासही खरा असतो.

आजारांच्या वर्गीकरणाचा इतिहासही झोपेची तक्रार स्वतंत्रपणे खरी मानण्याच्या दिशेने गेला आहे. १९९४ च्या डीएसएम-४ या मानसिक आजारांच्या अमेरिकन सूचीत निद्रानाशाचे 'प्राथमिक' आणि इतर आजारांमुळे होणारा, असे वेगळे कप्पे होते. नैराश्य आहे ना, मग ते बरं करा, झोप आपोआप येईल, असा समज होता. अनुभव वेगळा निघाला. नैराश्य ओसरलं तरी अनेकांची झोप परतली नाही, आणि आधी झोप बिघडून मागाहून नैराश्य आलेलेही बरेच होते. २००५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने अशा निद्रानाशाला 'दुय्यम', म्हणजे दुसऱ्या आजारातून आलेला, म्हणण्याऐवजी 'सहव्याधी', म्हणजे सोबत असलेला आजार, म्हणावं असं सुचवलं. २०१३ च्या डीएसएम-५ ने ते कप्पेच काढून टाकले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या सूचीत तर झोपेच्या विकारांना स्वतंत्र प्रकरण मिळालं. हा बदल कागदावरचा वाटेल, पण त्यामुळे नैराश्याच्या किंवा सांधेदुखीच्या रुग्णाची झोपेची तक्रार स्वतंत्रपणे ऐकली जाऊ लागली, आणि ते फार आधी व्हायला हवं होतं.

आता मुख्य विभागणी काळावर आहे. आठवड्यातून किमान तीन रात्री, किमान तीन महिने त्रास असेल तर दीर्घकालीन निद्रानाश. त्याहून कमी काळ असेल तर अल्पकालीन. परीक्षा, आजारपण, घरातला मृत्यू यामुळे गेलेली झोप बहुतेकांना परत मिळते. ज्यांना मिळत नाही, त्यांच्याबाबत डॉक्टर शोधतात की मूळ कारण सरल्यावर त्रास कशामुळे टिकून राहिला : लवकर आडवं होणं, दुपारची लांब झोप, की रात्र जवळ येताच वाटणारी धास्ती?

दीर्घकालीन निद्रानाशाचं निदान पक्कं झालं, की मोठ्या माणसांसाठी पहिला उपाय गोळी नसतो. अमेरिका आणि युरोपातल्या मार्गदर्शक सूचना आधी निद्रानाशासाठीची संज्ञानात्मक वर्तन उपचारपद्धती, म्हणजे झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलणारा उपचार, सुचवतात. अंथरुणावर किती वाजता जायचं आणि किती वाजता उठायचं, हे तिथे त्या डायरीतल्या आकड्यांवरूनच ठरतं. वर वाचलेल्या पानाच्या माणसाला नऊऐवजी साधारण सहा-साडेसहा तासच अंथरुणावर राहायला सांगतील, आणि झोप भरीव होत जाईल तसा तो वेळ थोडा थोडा वाढवतील.