एकास पन्नास

(काळा पडदा. कानस घासल्याचा आवाज. हळूहळू उजेड होतो: टेबलावरच्या दिव्याखाली हिरव्या रंगाचा एक डंपर.)

हा डंपर ४० सेंटिमीटर लांब आहे. ज्याच्यावरून तो केलाय, तो खरा डंपर २० मीटर. म्हणजे प्रमाण १:५०. आम्हा मॉडेल जमवणाऱ्यांच्या तोंडी नुसतं 'एकास पन्नास'.

खऱ्याचं नाव टेरेक्स ३३-१९ टायटन. १९७३ साली कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात, लंडन नावाच्या शहरात, जनरल मोटर्सच्या डिझेल विभागानं तो बांधला. एकच बांधला, दुसरा कधी झालाच नाही. एका खेपेला सुमारे ३१७ टन माल. इंजिन १६ सिलिंडरचं, ३,३०० अश्वशक्तीचं, रेल्वेच्या इंजिनांत बसवतात त्या जातीचं. तीन आस, दहा टायर. आधी कॅलिफोर्नियातल्या ईगल माउंटनच्या लोहखाणीत आणि १९७८ पासून कॅनडातल्याच ब्रिटिश कोलंबियात, स्पारवुडच्या कोळसा खाणीत तो राबला. १९९१ मध्ये थांबला. आज स्पारवुडमध्ये उघड्यावर उभा आहे. कुणीही जवळ जावं, हात लावावा, टेप घेऊन मोजावं.

मोजता येणं ही आमच्या छंदात फार मोठी गोष्ट आहे.

(दृश्य बदलतं: कपाट. काचेमागे ओळीनं डंपर.)

कारण असले डंपर बाहेरच्या माणसाला सहसा दिसतच नाहीत. सार्वजनिक रस्त्यावर ते येऊ शकत नाहीत. कॅटरपिलरचा ७९७ घ्या. तो सुट्या भागांच्या रूपात डझनभर ट्रेलरवरून खाणीवर पोचतो आणि तिथेच जोडला जातो. पुढची कित्येक वर्षं खाणीच्या तळापासून वर आणि वरून पुन्हा तळाशी, एवढाच त्याचा रस्ता. दिवसपाळी, रात्रपाळी. आयुष्य संपलं की उपयोगी भाग काढून घेतात आणि उरलेला सांगाडा बहुतेक वेळा जागच्या जागी गॅस कटरनं कापून भंगारात घालतात. ज्या यंत्रानं डोंगर हलवला, त्याचा खाणीबाहेर मागमूस राहत नाही. हे माझ्या मनाला लागतं. म्हणून मी ही मॉडेल्स जमवतो.

सुरुवात सगळ्यांची होते तशीच माझीही डायकास्टनं झाली. जस्ताच्या मिश्रधातूचा रस पोलादी साच्यात दाबानं भरायचा, की मॉडेल तयार. जर्मनीतल्या कॉनराड आणि एनझेडजी या कंपन्या अशी मॉडेल्स कित्येक वर्षं करत आल्या आहेत आणि ती उत्तम असतात. अडचण साच्याची आहे. पोलादी साचा इतका महाग पडतो की हजारोंनी नग विकले गेले तरच परवडतं. त्यामुळे कारखाना निवडतो ती यंत्रं खपणारी आणि त्यांचं रूपही कॅटलॉगमधलं.

खाणीत मात्र कॅटलॉगमधला डंपर राहत नाही. कोळसा दगडापेक्षा हलका, म्हणून कोळशासाठी हौदा उंच आणि ऐसपैस करून घेतात. खडक वाहायचा असेल तर हौद्याच्या तळाला झिजेसाठी जादा पट्ट्या ठोकतात. कुठे शिडी बदलतात, कुठे दिवे वाढवतात. कुठल्या खाणीतला, कुठल्या काळातला, हे असं अंगावर लिहिलेलं असतं. ते टिपायला हातानं काम करणारा माणूसच लागतो. असा कारागीर एका डंपरचे दहा करेल, पंचवीस करेल, फार तर पन्नास. पोटाखाली एक छोटी पट्टी लावून तिच्यावर क्रमांक घालतो.

(अगदी जवळून: चाक. भिंगातून दिसावं तसं.)

हे चाक बघा. टायटनच्या टायरचं माप ४०.००-५७. त्यातले ५७ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. मिलिमीटरमध्ये केला आणि पन्नासनं भागला की २९. आता ही २९ मिलिमीटरची रिम कारागिराची फूटपट्टी होते. जिथे आराखडे मिळत नाहीत, जुना एखादा फोटोच हाताशी असतो, तिथे चाक मोजायचं आणि त्यावरून चासीची उंची, केबिनची रुंदी, पंख्यापुढच्या जाळीची चौकट काढत जायची. फोटो तिरका असला की हिशेब चुकतो, म्हणून दुसरा फोटो शोधायचा. यातच महिने जातात. धातूला हात त्यानंतर.

मग पितळ कापलं जातं. जाळ्या, सच्छिद्र पायऱ्या, पट्ट्या असल्या बारीक कामासाठी पत्र्यावर प्रकाशानं घट्ट होणारा लेप लावतात, त्यावर नक्षीची फिल्म ठेवून प्रकाश दाखवतात, घट्ट न झालेला लेप धुऊन काढतात आणि पत्रा फेरिक क्लोराइडमध्ये सोडतात. लेप नसलेली जागा रसायन खाऊन टाकतं, उरते ती जाळी. बाकी सगळं करवत, कानस आणि डाख. कठड्याची खरी नळी ४ सेंटिमीटर जाड धरली, तर मॉडेलमध्ये ०.८ मिलिमीटरची तार येते. ती वाकवायची, टोकाला डाख द्यायचा, आणि उष्णता शेजारच्या जोडाला लागू द्यायची नाही. नाहीतर आधीचा जोड सुटतो. म्हणून जाणकार कारागीर जास्त तापमानाला वितळणारा डाख आधी वापरतो, कमी तापमानाचा नंतर.

रंगाचंही असंच. लेप एक दशांश मिलिमीटर जाड झाला, तर खऱ्या डंपरवर ५ मिलिमीटर रंग चोपडल्यासारखं दिसतं. बोल्टची डोकी बुडतात, कडा गोल होतात. मी मॉडेल हातात घेतलं की आधी बोल्ट बघतो. टोकदार दिसले की बाकी काम चांगलंच असणार, हा माझा अनुभव आहे.

(काटा. त्यावर हिरवा टायटन.)

वजनाची गंमत मला फार आवडते. लांबी पन्नासावा भाग झाली, तसं वजन सव्वा लाखावा भाग व्हायला हवं. पन्नास गुणिले पन्नास गुणिले पन्नास. रिकामा टायटन भरतो सुमारे २३५ टन. भागलं की १ किलो ८८० ग्रॅम. माझं पितळी मॉडेल त्याहून जरा जड भरतं. का, ते पुष्कळ दिवस कळत नव्हतं. खऱ्या यंत्रातला १० मिलिमीटरचा पत्रा या प्रमाणात ०.२ मिलिमीटरचा व्हायला हवा. एवढं पातळ पितळ बोटानं दबतं. म्हणून कारागीर दुप्पट-अडीचपट जाड पत्रा घेतो आणि दिसणाऱ्या कडा तेवढ्या कानशीनं पातळ करतो. बाहेरून माप बरोबर, आतून जास्तीचं बळ. हौद्याची कड नखानं चाचपली की ते लागतं.

आणखी एक जागा दाखवतो.

(डेकवरची जाळीदार पेटी.)

हा कोमात्सु ९३०ई. डेकवर, म्हणजे केबिनला लागून असलेल्या सपाट फलाटावर, बाजूला ही जाळीची मोठी पेटी दिसतेय, ती बघा. या डंपरमध्ये डिझेल इंजिन चाकं थेट फिरवत नाही. ते वीज तयार करतं आणि मागच्या चाकांतल्या मोटारी गाडी ओढतात. उतारावर याच मोटारी उलट जनित्र होऊन वेग रोखतात. तेव्हा तयार होणारी वीज या पेटीतल्या रोधांमध्ये उष्णता होऊन जाते, पंखा ती बाहेर फेकतो. शेजारी ठेवलेल्या ७९७ ला ही पेटी नाही, कारण तो गिअरवर चालतो. कपाटासमोर उभं राहून दोन घराण्यांतला फरक एका नजरेत कळतो. या पेटीची जाळी नुसती रंगवून काढलेली मी पाहिलेली आहे. ते मॉडेल मी घेतलं नाही. जिथे यंत्राचं अर्धं मर्म आहे, तिथे चित्र काढून भागत नाही.

सांभाळायचं कसं, हेही सांगायला हवं. पितळ टिकतं, पण बोटांचं तेल लागलं की उघड्या जागी काळवंडतं. स्वस्त जस्ताच्या ओतकामात शिसं मिसळलं गेलं असेल तर कालांतरानं धातू आतून तडकत जातो आणि त्याला इलाज नाही. मऊ प्लास्टिकच्या टायरमधलं तेलकट द्रव्य पाझरून प्लास्टिकच्या रिमा खाऊन टाकतं. शिवाय सगळं वजन वर्षानुवर्षं टायरवर राहिलं की ते खाली चपटे होतात. म्हणून जड मॉडेलच्या आसाखाली मी लाकडी ठोकळे देतो, चाकं जेमतेम टेकतील एवढेच उंच.

काही मॉडेल्स रेझिनची, म्हणजे साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या प्लास्टिकची असतात. रेझिनला उष्णतेची भीती. सुरुवातीला एक रेझिनचा डंपर मी खिडकीशी ठेवला होता. दोन महिन्यांत हौद्याचा मागचा ओठ खाली झुकला. फार वाईट वाटलं, कारण तो करणारा माणूस तोवर काम थांबवून बसला होता. त्यांनीच उपाय सांगितला. हौदा सुटा करून गरम पाण्यात धरला, नरम झाल्यावर सपाट काचेवर दाबून थंड होऊ दिला. सरळ झाला. रंगाला एक केसासारखी रेघ राहिलीय. ती मी तशीच ठेवली आहे.

आता काही जण भाग थ्रीडी प्रिंटरवर काढतात. टायरच्या खाचांसाठी मला ते चालतं. सपाट पत्र्यासाठी चालत नाही, कारण थरांच्या रेघा उजेडात दिसतात आणि घासून काढताना नेमक्या कडाच जातात.

(कारागिराचा टेबल. रंग न दिलेलं मॉडेल. चिमटा.)

हे काम अजून चालू आहे. लेक्ट्रा हॉल, डिझेल-विजेच्या डंपरांच्या पहिल्या पिढीतला, १९६० च्या दशकातला. फोटो पुष्कळ मिळाले, पण सगळे एकाच बाजूचे. पलीकडची शिडी कशी होती ते एकातही दिसत नव्हतं. सरळ शिडी करून लावली. मग अशा डंपरांवर काम केलेल्या एका निवृत्त मेकॅनिकना आम्ही मॉडेल दाखवायला नेलं. त्यांनी बराच वेळ हात लावला नाही. नुसते वाकून बघत राहिले. मग म्हणाले, खालच्या दोन पायऱ्या अशा नव्हत्या. दगडावर आपटून सारख्या वाकायच्या, म्हणून आम्ही त्या कापल्या आणि साखळीवर लोंबत्या ठेवल्या.

कारागिरानं त्याच संध्याकाळी डाख तापवून दोन्ही पायऱ्या उतरवल्या. मिळेल तितकी बारीक साखळी आणली. चार तुकडे, प्रत्येकी सहा कड्यांचे.

(मॉडेल उचललं जातं. पायऱ्या हलतात.)

आता डंपर उचलला की त्या दोन पायऱ्या हलतात.