आमिश गावात गुन्हा घडला तर

(दृश्य: ओहायोतला चढउताराचा रस्ता. काळी घोडागाडी, मागच्या बाजूला नारिंगी त्रिकोण.)

हा अमेरिकेतल्या ओहायो राज्याचा होम्स परगणा. आमिश म्हणजे आधुनिक सोयींपासून लांब, साधेपणानं राहणारा ख्रिस्ती पंथ. इथल्या आमिश घरांत विजेची तार येत नाही. दारात मोटार नाही. टेलिफोन असलाच तर घराबाहेर, रस्त्याकडेच्या खोपटात.

आता रहस्यकथा लिहिणाऱ्याची पंचाईत बघा. मोबाइलचं लोकेशन नाही, सीसीटीव्ही नाही. फोटो काढणंच पंथाला मान्य नाही, त्यामुळे हरवलेल्या पोरीचा फोटो दाखवत फिरायचीही सोय नाही. त्यात घरातली भाषा पेन्सिल्व्हेनिया डच, म्हणजे जर्मनची एक बोली. आणि एवढं करून साक्षीदार सापडलाच, तर तो म्हणणार, कोर्टकचेरी नको, आम्ही माफ केलंय.

लिंडा कॅस्टिलो यांनी २००९च्या ‘स्वॉर्न टू सायलेन्स’ या कादंबरीत यावर फर्मास तोडगा काढला. पेंटर्स मिल हे त्यांचं काल्पनिक गाव. तिथली पोलीसप्रमुख केट बर्कहोल्डर आमिश घरातच वाढलेली, पण पंथ सोडलेली. भाषा येते म्हणून लोक तिच्याशी दोन शब्द बोलतात, आणि पंथ सोडला म्हणून तिसरा गिळतात. तिच्या स्वतःच्या घरानंही एक गोष्ट वर्षानुवर्षं दाबून ठेवलीय. कोणती, ते सांगितलं तर वाचणाऱ्याचा विरस होईल.

(दृश्य: कोठाराच्या भिंतीवर टांगलेली मोठी कात्री.)

आता कादंबरीबाहेरची गोष्ट. साल २०११, गाव ओहायोतलंच, बर्गहोल्झ. तिथला बिशप सॅम्युअल मुलेट याच्या माणसांनी आमिश घरांत शिरून पुरुषांच्या दाढ्या आणि बायकांचे केस कापले. लग्न झालेला आमिश पुरुष मिशी ठेवत नाही, पण दाढीला कात्री लावत नाही. ती त्याच्या धर्माची खूण. एका घरात तर कापणारे पोटचेच मुलगे होते! गुन्हेगार कोण, हे विचारायची गरजच नव्हती. तरी काही जण तक्रार द्यायला तयार होईनात.

कात्री होती घोड्याची आयाळ कापायची. आणि फोटोचं वावडं असलेल्या या मंडळींनी सोबत चक्क एक कॅमेरा नेला होता, वापरून टाकून द्यायचा. ती कात्री न्यूयॉर्क राज्यात बनलेली, म्हणून आंतरराज्य व्यापाराचा धागा पकडून सरकारनं द्वेषगुन्ह्याचा, म्हणजे धर्मासारख्या कारणावरून केलेल्या हल्ल्याचा, फेडरल (केंद्राचा) कायदा लावला. २०१२मध्ये १६ जण दोषी ठरले. २०१४मध्ये अपील कोर्टानं द्वेषगुन्ह्याचा ठपका रद्द केला, बाकीची कलमं राहिली. मुलेटची शिक्षा १५ वर्षांवरून पावणेअकरा वर्षांवर आली.